पुस्तक घरी राहिलं

गणिताच्या बाईंनी खोडरबराचं टोक 'मैदान' या शब्दावर टेकवलं आणि मागच्या 'न'पासून पुसायला सुरुवात केली. नववीच्या वार्षिक नियोजनाचा तक्ता शिक्षक-खोलीतल्या लांब टेबलावर पसरला होता. पंख्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर कंपासपेटी, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि कुणीतरी विसरून गेलेला कप ठेवला होता. सुट्टीचे दिवस होते. बाहेर शिपाईमामा बाकं धूत होते आणि भांडावं तसे बादलीशी बोलत होते.

शब्दाचं 'मैदा' उरलं तेव्हा बाई थांबल्या. पुसायचं तर निदान बघून तरी पुसावं, म्हणून.

अडचण साधी होती, पण तिने तीन दिवस बाईंच्या नाकी नऊ आणले होते. चौतीस आठवडे आणि आठवड्याला सात तासिका, असा दोनशे अडतीस तासिकांचा तक्ता त्यांनी सुट्टी लागण्याआधीच मोठ्या हौसेने तयार केला होता. मग वरून कागद आला: आठवड्यातली एक तासिका संगणकाला द्या. म्हणजे चौतीस तासिका कमी. बाईंनी प्रत्येक प्रकरणाला थोडाथोडा चिमटा घेऊन चोवीस गोळा केल्या होत्या. दहा राहिल्या होत्या, आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला 'मैदान' या नावाने बरोबर दहा तासिका आयत्या बसलेल्या होत्या.

हे मैदान त्यांचं नव्हतं, सरांचं होतं. नववीचं गणित एकोणतीस वर्षं एकट्या सरांकडे होतं. ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि पाचवी ते सातवीत चौदा वर्षं काढलेल्या बाईंकडे नववी आली. सोबत आल्या सरांच्या नियोजनाच्या एकोणतीस वह्या, जाड सुती दोरीने बांधलेल्या. पहिला तक्ता करताना बाईंनी सगळ्यात वरची, म्हणजे गेल्या वर्षीची वही उघडून मैदान जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मोठ्या माणसाच्या कामात आल्याआल्या हात घालू नये, एवढाच त्यामागे विचार होता.

पण काल मुख्याध्यापिकांनी तक्त्यावर नजर टाकली आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं. त्या मूळच्या भाषेच्या शिक्षिका, बोलणं नेमकं आणि काटकसरीचं. मुलांना मैदानावर न्यायला खेळाचे सर आहेत की, असं त्या म्हणाल्या. शिवाय नव्या नमुन्यात प्रत्येक ओळीपुढे उद्दिष्टाचा रकाना भरावा लागतो, तिथे काय लिहिणार, असंही त्यांनी विचारलं. बघून सांगते, असं बाई म्हणाल्या. सरांच्या वहीत त्या दहा तासिकांपुढे उद्दिष्ट म्हणून पेन्सिलीने फक्त एक आकडा होता: सतरा. बाईंनी तो उदाहरणसंचाचा क्रमांक धरला होता. नववीच्या पुस्तकात उदाहरणसंच बाराच आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी जुन्या पुस्तकात सतरा असतील, अशी मनाची समजूत घातली होती.

आता त्यांनी दोरी सोडली आणि दुसरी वही उघडली. मैदान, दहा तासिका, पुढे चार. तिसरीत बावीस. चौथीत दोन आकडे, नऊ आणि चाळीस. बाई मागे मागे जात राहिल्या. पुस्तकं मध्ये चारदा बदलली, प्रकरणं मागेपुढे झाली, शाई निळ्याची काळी झाली, पण मैदान जागचं हललं नव्हतं. फक्त पुढचा आकडा दर वर्षी वेगळा असायचा. उदाहरणसंच असे उड्या मारत नाहीत, एवढं कळायला खरं तर गणिताची पदवी लागत नाही.

सगळ्यात खालच्या तीन वह्यांमध्ये मैदान नव्हतंच. खालून चौथीत मात्र होतं, पण ते मूळच्या आखणीतलं नव्हतं. तिथे शाईने 'वर्तुळ' लिहिलेलं होतं. त्यावर पेन्सिलीने एक रेघ मारली होती आणि बाण काढून वर्तुळ पार वर्षाच्या शेवटी ढकललं होतं. 'सकाळी, शाळेआधी अर्धा तास, सलग पंधरा दिवस' असं तिथे दाटीवाटीने लिहिलं होतं. रिकाम्या झालेल्या जागी 'मैदान, दहा' आणि पुढे एकतीस.

बाईंनी वहीच्या वेष्टनावरचं साल बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

त्या वर्षी त्या याच शाळेत नववीत होत्या. त्यांचा हजेरी क्रमांक एकतीस होता.

त्या वर्षाची एक गोष्ट बाई नेहमी सांगायच्या, आणि अशी रंगवून सांगायच्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, हसून. त्या वर्षी त्यांची आई सात आठवडे दवाखान्यात होती. घरात धाकटी बहीण, वडिलांची पाळीची नोकरी, आणि चूल चौदा वर्षांच्या मुलीकडे. आई घरी आली तेव्हा वर्गात प्रमाण संपलं होतं, समरूप त्रिकोण संपले होते, पायथागोरसचा सिद्धान्तही आटपला होता. वडील वाईट नव्हते, पण दमलेले होते. ते म्हणाले, झेपत नसेल तर हे वर्ष राहू दे, घरी आईला हात होईल. एकदा राहिलेलं वर्ष पुन्हा हाती येत नाही हे मुलीला पक्कं ठाऊक होतं, कारण शेजारच्या दोघींचं तसंच झालं होतं. आज जाऊन बघायचं, डोक्यावरून गेलं तर उद्यापासून घरी, असं ठरवून ती शाळेत आली होती.

आणि त्या दिवशी सर वर्गात आले ते पुस्तकाशिवायच. पुस्तक घरी राहिलं, म्हणाले. तुमचीही मिटा, चला बाहेर. हातात एक दोरी, तिला समान अंतरावर बारा गाठी. टोकं जोडून तीन गाठींवर एकीला उभं केलं, तिथून चार मोजून दुसरीला, उरलेल्या पाचांची बाजू आपोआप ताणली गेली आणि मैदानावर कोपरा धरल्यासारखा काटकोन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा पुस्तक विसरले. त्या दिवशी एक मीटरची काठी रोवून तिची सावली मोजली, साठ सेंटिमीटर. पाण्याच्या टाकीची सावली नऊ मीटर. मग टाकी किती उंच? पंधरा मीटर, असं म्हणणारी मुलगी होती क्रमांक एकतीस. शिपाईमामा तेव्हा तरुण होते. त्यांना काही पटलं नाही. ते टाकीवर चढले, वरून दोरी सोडून मोजून आले आणि जाहीर केलं की पंधराला वीतभर कमी आहे, मुलीचं चुकलं. ती वीतभर चूक बाईंना अजून तोंडपाठ होती. सर दोन आठवडे रोज पुस्तक विसरत राहिले. तेवढ्यात मुलगी वर्गाला येऊन मिळाली. पुढे शाळा सुटली नाही, गणित तर नाहीच नाही.

"माझं आख्खं आयुष्य एका विसराळू माणसाच्या जिवावर उभं आहे," असा त्या शेवट करायच्या. सरांच्या निरोप समारंभात, दोन महिन्यांपूर्वी, त्यांनी हीच गोष्ट भरल्या सभागृहात सांगितली होती. हशाने छत उडायचं बाकी होतं. पहिल्या रांगेत सरही हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत.

बाईंना आता ते हसणं आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वर्षाच्या शेवटी सरांनी पंधरा दिवस सकाळी लवकर बोलावलं म्हणून आपणही इतरांबरोबर कुरकुर केली होती, तेही आठवलं. त्यांनी वह्या पुन्हा बांधायला घेतल्या. दोरी हाताखालून सरकताना बोटांना गाठ लागली, मग आणखी एक. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजल्या. बारा होत्या.

सरांचं घर शाळेच्या मागे दोन गल्ल्या सोडून होतं. बाई ती खालून चौथी वही घेऊन पोचल्या तेव्हा सर भिंतीवर फळी बसवत होते आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, खालून फळीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या.

"बरं झालं आलीस," काकू म्हणाल्या. "धर हे. रिटायर झाल्यापासून घरातलं सगळं मोजून झालंय. आता माझीच उंची राहिलीय."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. बाईंनी फळी धरली. शाळेत चारचौघांत सर त्यांना 'बाई' म्हणत आणि अहोजाहो करत, घरी मात्र त्या अजूनही नववीतलीच मुलगी होत्या. सरांनी तिसरा स्क्रू पिळला, डोळा बारीक करून फळीची रेघ बघितली आणि मग त्यांचं लक्ष बाईंच्या काखेतल्या वहीकडे गेलं. त्यांनी वेष्टनावरचं साल वाचलं असणार, कारण ते एकदम चौथा स्क्रू शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

"सर, पुस्तक घरी राहिलं नव्हतं."

"पिशवीत होतं," सर म्हणाले. "जड होतं ते. रोज न्यायचो आणि रोज परत आणायचो."

"मी समारंभात सगळ्यांसमोर तुम्हाला विसराळू ठरवलं. तुम्ही हसलात."

"मग? गोष्ट चांगली सांगतेस तू. टाकीचं तर फारच छान सांगतेस."

बाईंना खूप काही बोलायचं होतं. वाटेत त्यांनी वाक्यंही जुळवली होती.  शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी मी शाळा सोडायच्या तयारीने आले होते, तुम्हाला ते माहीत होतं का. सरांनी मान डोलावली. तुझे वडील येऊन सांगून गेले होते, म्हणाले. दाखला कधी मिळेल ते विचारायला आले होते.

 सरांनी फळी अलगद धरली आणि स्क्रू बसवून टाकला. मग दोघंही खाली बसले. बाई रडल्या, पण फार नाही. सरांनी तेवढा वेळ पेचकस पुसण्यात घालवला.

"मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत," बाई म्हणाल्या. "कारण मला वाटायचं, ते नशीब होतं."

"थांब जरा," सर म्हणाले. "तुझी गोष्ट अर्धीच आहे. अर्धी माझ्याकडे आहे."

आणि सरांनी ती सांगितली, अधूनमधून थांबत. थांबलो तुझ्यासाठी हे खरं, म्हणाले. दोन आठवडे तुझ्यापुरते काढायचे आणि पुढे जायचं, असं ठरलं होतं. पण तिसऱ्या दिवशी दोरी धरायला मागच्या बाकावरच्या दोघींना बोलावलं. सातही आठवडे एक दिवस न चुकता हजर राहिलेल्या मुली. वह्या पूर्ण, अक्षर मोत्यासारखं. काटकोन कुठला असं विचारलं तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी एकेकाला बोलवत गेलो. दहाव्या दिवसापर्यंत असे अकरा जण निघाले.

"तू नव्हतीस म्हणून मला दिसलीस," सर म्हणाले. "ते रोज समोर बसलेले, म्हणून दिसलेच नाहीत. त्याआधीच्या तीन वर्षांत असे किती जण गेले असतील, त्याचा हिशोब मला आजही लागत नाही. तू सात आठवडे घरी बसली नसतीस तर मी अजून तसाच शिकवत राहिलो असतो. आता आभार कोणी कुणाचे मानायचे, ते तूच ठरव."

काकू चहा घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून त्यांनी कप ठेवले, फळीवर हात फिरवला आणि तिरकी आहे असं म्हणून निघून गेल्या. सर चटकन उठून बघून आले. तिरकी नव्हती.

चहा पिता पिता बाईंनी तासिकांची रड सांगितली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. दर वर्षी तो आकडा सुरुवातीपासून ठरलेला असायचा का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, छे, तो सत्र सुरू झाल्यावर कळतो, कधी एक कळतो, कधी दोन. जागा मात्र आधीच ठेवावी लागते, नंतर ती मिळत नाही. मग या दहा तासिका कुठून काढू, असं विचारल्यावर मात्र त्यांनी हात वर केले.

"ते मी कसं सांगू? वही आता तुझी आहे."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्या लांब टेबलापाशी बसल्या. 'मैदा'पुढे त्यांनी 'न' लिहून टाकला. ते सोपं होतं. मग त्यांनी वरपासून खालपर्यंत तक्ता वाचला आणि नजर सारखी जिथे जायची टाळत होती तिथे ती शेवटी गेली. दर महिन्याला एक, अशा दहा चाचण्या. त्या चाचण्या बाईंच्या स्वतःच्या होत्या. सहावी-सातवीत त्यांनीच त्या सुरू केल्या होत्या. निकालाचे रंगीत आलेख त्या भिंतीवर लावत, पालक ते बघायला येत, आणि मुख्याध्यापिकांनी एकदा इतर शाळांच्या शिक्षकांसमोर त्यांचं कौतुकही केलं होतं. शाळेत बाईंचं जे काही नाव होतं ते या दहा तासांवर होतं. त्यांनी खोडरबर उचललं, ठेवलं, पाणी प्यायल्या. नंतर पहिल्या महिन्यापासून एकेक चाचणी पुसत शेवटच्या महिन्यापर्यंत गेल्या. पुसताना हात जड झाला होता, नाही असं नाही. पण शेवटची पुसून झाल्यावर त्यांनी खोडरबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि त्यांना खरंच हलकं वाटलं.

शनिवारी दुपारी बारा ही नियोजन देण्याची मुदत होती. बाई साडेअकराला मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिकांनी चष्मा नाकावर सरकवून तक्ता ओळीओळीने वाचला. चाचण्या गेलेल्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. आलेख लावायचे नाहीत का यंदा, असं त्यांनी विचारलं. बाई नाही म्हणाल्या. आढावा घ्यायला लोक येतात तेव्हा भिंत रिकामी दिसेल, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. दिसू दे, असं बाई म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बोट पुन्हा मैदानापाशी येऊन थांबलं. तिथे उद्दिष्टाच्या रकान्यात पेन्सिलीने काढलेला एक लहानसा चौकोन होता. आत काहीच नव्हतं.

"हा रिकामा राहिलाय."

"मुद्दाम ठेवलाय, मॅडम. मुलं आली की भरीन."

"उद्दिष्ट आधी ठरतं, बाई. मुलं नंतर येतात."

"या एका ओळीत तेवढं उलटं आहे," बाई म्हणाल्या. "सरांच्या सव्वीस वह्यांत तसंच आहे. वाटल्यास आणून दाखवते."

मुख्याध्यापिकांनी बाईंकडे जरा वेळ बघितलं. चौदा वर्षांत या बाईने कुठल्याही ओळीसाठी असा हट्ट धरला नव्हता. सव्वीस वह्या मागवायच्या की नको, हे त्या मनाशी ठरवत होत्या बहुतेक. खिडकीबाहेर, रिकाम्या मैदानापलीकडे, पाण्याची टाकी उभी होती. तिची सावली यावेळी अगदी आखूड होती.

"आणि या दहा तासिकांना साहित्य काय लागेल? तोही रकाना आहे. पाठ्यपुस्तक लिहू?"

"दोरी लिहा. दोरी आणि काठी."

"आणि पुस्तक?"

"ते घरी राहणार आहे माझं," बाई म्हणाल्या. "रोज."

 मुख्याध्यापिकांना निरोप समारंभातली गोष्ट आठवली आणि त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की दारातून जाणारे शिपाईमामा थबकले. सरांची गादी चालवायची तर विसराळूपणाही चालवायला हवा म्हणा, असं म्हणत त्यांनी पेन उघडलं आणि तक्त्याखाली सही केली.

बाईंनी काही सांगितलं नाही. त्यांनीही चष्मा काढून डोळे पुसले आणि मनापासून हसून घेतलं.